आक्षेपाचा कागद आणि सहा ओळी : नागपुरातल्या एका ग्रंथालयाचं प्रकरण

हे प्रकरण नागपुरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयातलं आहे. ग्रंथालयाचं नाव, वस्ती, माणसांची नावं, वार, वेळा आणि घरांच्या खुणा गाळल्या किंवा बदलल्या आहेत. बालकाच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात मुलाची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे. ती नसती तरी मी ओळख उघड केली नसती. घटनेनंतर ग्रंथालयाने किशोरवयीन मुलांच्या उपक्रमांसाठी नियमावली करायला घेतली, त्या कामात मी होते. तेव्हा सगळ्यांशी झालेल्या बोलण्यातून हे टिपण तयार झालं. मुलांकडून लिहून घेणारी, त्यांना मंच देणारी ग्रंथालयं आपल्याकडे अजून थोडी आहेत. जी आहेत त्यांनी भीतीपोटी हे काम थांबवू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

ग्रंथालय जुनं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली शासनमान्य, म्हणजे वर्गवारी आणि अनुदान दोन्ही आलं. खाली वृत्तपत्र विभाग आणि देवघेव, वर अभ्यासिका. सकाळी खाली निवृत्त मंडळी आणि दिवसभर वर स्पर्धा परीक्षेची पोरं, हे चित्र नागपुरात कुठेही दिसेल. कमतरता होती ती मधल्या वयाची. सातवीत गेलेलं मूल बालविभागात रमत नाही आणि अभ्यासिकेत त्याला कुणी घेत नाही.

ग्रंथपाल मॅडमनी या मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी एक गट सुरू केला. १२ ते १७ वयाची वीस-पंचवीस मुलं, मराठी आणि हिंदी दोन्ही शाळांमधली. गट चालवायला दोघे स्वयंसेवक : एक महाविद्यालयात शिकवणाऱ्या ताई आणि एक निवृत्त शिक्षक. शिवाय ग्रंथालयाच्या परिचर मावशी. गटाच्या कागदांवर त्यांचं नाव कुठेच नव्हतं, पण दार उघडण्यापासून खुर्च्या उचलण्यापर्यंत मुलांच्या आसपास सर्वांत जास्त वेळ त्याच असायच्या.

गटाचं भित्तिपत्रक निघायचं. जिन्याशेजारच्या मोठ्या फळ्यावर मुलं आपले कागद लावत. मोठ्यांनी मजकूर कापायचा नाही, हे ताईंनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. मुलांनी स्वतःचे नियमही केले होते : कुणाच्या जातीवर, दिसण्यावर लिहायचं नाही, शाळेतल्या-मोहल्ल्यातल्या कुणाचं नाव घेऊन बदनामी करायची नाही, बाकी सगळं चालेल. कार्यकारिणीला गटाचं कौतुक होतं. फळ्यावर नेमकं काय लागतं हे मात्र कुणी फारसं वाचत नव्हतं.

मारबत अंक

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. सोबत बडगे असतात, म्हणजे पुतळे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचा बडग्या. इडापिडा, रोगराई ‘घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देत हे सगळं शहराबाहेर नेऊन जाळतात. मनातली चीड भर रस्त्यात ओरडून सांगायची मुभा या शहराने स्वतःला फार पूर्वीपासून दिलेली आहे, आणि इथल्या मुलांना ती आरोळी पाळण्यापासून ठाऊक असते.

पोळा जवळ आला तेव्हा गटाने ठरवलं, यंदा मारबत अंक काढायचा. ‘घेऊन जा गे मारबत’ या ओळीवर प्रत्येकाने आपल्याला नकोशा गोष्टीवर लिहायचं. ज्यांना नावाने लिहायचं नाही त्यांच्यासाठी बुटाच्या खोक्याची पेटी ठेवली.

कागद भरपूर आले. टेस्ट सिरीजची रँक घेऊन जा. खोदून ठेवलेला सिमेंट रोड घेऊन जा. शेजारच्या मुलाचे टक्के घेऊन जा. पंधरा वर्षांच्या एका मुलीने पानभर लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं. पाळीच्या दिवसांत घरात तिला कसं वागवतात यावर ते होतं. ‘महालक्ष्म्या माहेरी येतात आणि मी माझ्याच घरात बाहेरची होते, हे घेऊन जा गे मारबत,’ अशी त्यातली एक ओळ. पुढे काका-मामांवर राग होता, आणि त्या रागात एक शिवी होती.

तिच्या कागदाखाली पेटीतून आलेली एक लहान चिठ्ठी लागली होती. मूळ ओळी इथे देत नाही. वार, वेळ, जागा बदलून फक्त तिचा साचा ठेवते :

मंगळवार घेऊन जा गे मारबत
शुक्रवार घेऊन जा गे मारबत
सहा ते आठ घेऊन जा
गच्चीवरची खोली घेऊन जा
दाराची आतली कडी घेऊन जा
मला नको नेऊ, कडी घेऊन जा

संपादन करणाऱ्या मुलांना वाटलं, कुणीतरी ट्यूशनला कंटाळलं आहे. ताईंनाही तसंच वाटलं.

आक्षेप

अंक शनिवारी लागला. सोमवारी सकाळी वृत्तपत्र वाचायला आलेल्या एका ज्येष्ठ आजीव सभासदांनी मुलीचा कागद वाचला आणि ते अस्वस्थ झाले. या काकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी : बालविभागाला पुस्तकं मिळावीत म्हणून दरवर्षी पदरमोड करणारा हा माणूस आहे. ग्रंथालय त्यांना स्वतःच्या घराइतकं जवळचं आहे. त्यांनी कार्यवाहांना लेखी अर्ज दिला. देवाधर्माची चेष्टा आणि शिवीगाळ सार्वजनिक भिंतीवर लावणं संस्थेला शोभत नाही, कागद काढावा, आणि यापुढे मुलांचं लिखाण जबाबदार व्यक्तीने तपासल्याशिवाय लावू नये.

इतक्यावर थांबतं तर प्रश्न साधा होता. पण दुसऱ्या कुणीतरी फळ्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि ‘ग्रंथालयात हे शिकवतात’ अशा मजकुरासह व्हॉट्सॲपवर टाकला. दुपारपर्यंत तो मुलीच्या वस्तीत पोचला, संध्याकाळी तिच्या वडिलांच्या फोनवर. फोटोत तिचं नाव वाचता येत होतं. खालची निनावी चिठ्ठीही, लिहिणाऱ्याच्या अक्षरासकट.

कार्यवाहांनी फोन करून सांगितलं, बैठक होईपर्यंत पूर्ण फळा उतरवून टाका.

पहिला निर्णयबिंदू : मावशींनी फळा उतरवला नाही

फळा उतरवायला मावशी गेल्या. कागद काढायला हात घालताना त्या चिठ्ठीपाशी थांबल्या, आणि तेवढी एकच हातात घेऊन ग्रंथपाल मॅडमकडे आल्या. त्यांचं म्हणणं मॅडमनी मला जसंच्या तसं सांगितलं : “मॅडम, याले क्लास नको असता तं ‘क्लास घेऊन जा’ लिवलं असतं. हा कडी काऊन घेऊन जा म्हन्ते? तेही आतली?”

सगळा फळा उतरवून कागद गठ्ठ्यात गेले असते तर ही चिठ्ठी त्या गठ्ठ्यातच राहिली असती. मॅडमनी लगेच दोन गोष्टी केल्या. फळा जसाच्या तसा आपल्या खोलीत नेला, म्हणजे बाकी कागद काढलेही नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कॅमेऱ्यासमोरही ठेवले नाहीत. चिठ्ठी वेगळ्या पाकिटात घालून तारीख टाकून कपाटात ठेवली. पुढे पोलिसांना ती तशीच देता आली.

बैठकीत पुढे आलेले पर्याय

बैठक बुधवारी झाली. चर्चा जवळजवळ पूर्ण वेळ मुलीच्या कागदावर होती. अर्ज त्यावर होता, फोटो त्यावरून फिरला होता, आणि अनुदानावर परिणाम होईल का ही भीतीही त्यामुळेच होती.

एक सूचना होती, गट काही काळ बंद ठेवावा. दुसरी, तेवढा कागद काढून बाकी अंक परत लावावा. तिसरी, पुढे प्रत्येक लिखाणावर पालकांची सही घ्यावी आणि समितीने मंजूर केल्यावरच ते लावावं. चौथी सूचना सुरक्षेच्या नावाने आली : मुलींना सहाच्या आत घरी सोडावं, मुलींसोबत महिला स्वयंसेविकाच असावी, मुलामुलींची बसायची जागा वेगळी करावी. ओघात एका सदस्याने किशोर कपाटातली शरीराविषयीची, वयात येण्याविषयीची पुस्तकं तिथून हलवायलाही सुचवलं.

पाचवा पर्याय निवृत्त शिक्षकांनी मांडला. अंक परत लावा, मुदत संपेपर्यंत राहू द्या, वर ‘मजकूर लिहिणाऱ्याचा आहे’ अशी पाटी लावा, आणि काकांना त्याच फळ्यावर उत्तर लिहायला बोलवा.

ताईंनी संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाचा आधार घेतला. अभिव्यक्तीचा हक्क नागरिकांना दिलेला आहे, त्यात वयाची अट घातलेली नाही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १३व्या कलमात मुलाचा व्यक्त होण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदलेला आहे, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. युनेस्को आणि ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामाही सांगतो, की ग्रंथालयाच्या संग्रहावर आणि सेवांवर वैचारिक, राजकीय वा धार्मिक सेन्सॉरशिप असू नये. अध्यक्ष निवृत्त वकील. त्यांनी दुसरी बाजूही तितकीच नेमकी मांडली : हक्काला वाजवी मर्यादा असतात, आणि अल्पवयीन मुलीचं नाव घातलेला मजकूर सार्वजनिक भिंतीवर लावताना तिच्या हिताची जबाबदारी संस्थेवर येते.

बैठकीचं टिपण वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ‘सुरक्षा’ हा शब्द तिथे अनेकदा आला आणि दरवेळी त्याचा अर्थ होता, कुणी काही आक्षेपार्ह वाचू नये, संस्थेचं नाव खराब होऊ नये, मुली वेळेत घरी जाव्यात. चिठ्ठीचा विषय त्या बैठकीत निघालाच नाही. मॅडमनी तो मुद्दाम काढला नव्हता. दहा-बारा माणसांच्या खोलीत बोललेली गोष्ट रात्रीपर्यंत किती घरांत पोचते हे त्यांना माहीत होतं. माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय. मजकुरावरच्या आक्षेपाची चर्चा उघडपणे, सगळ्यांसमोर व्हायला हवी. मुलाबद्दलची शंका मात्र कमीत कमी माणसांत आणि ताबडतोब हाताळायला हवी. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठेवल्या की आक्षेपाची चर्चा दबक्या आवाजात होते आणि मुलाची चर्चा चारचौघांत.

दुसरा निर्णयबिंदू : मधला शुक्रवार

चिठ्ठी कुणाची हे माहीत नव्हतं. अक्षर ओळखून मूल शोधायचं का? सगळ्यांच्या वह्या मागवायच्या का? ताईंचा याला विरोध होता. पेटीत निनावी टाकायला आपणच सांगितलं, आता अक्षर जुळवत बसलो तर पुन्हा कुणी काही टाकणार नाही. आणि मूल सापडल्यावर त्याला समोर बसवून ‘हे तू लिहिलंस का’ विचारणं म्हणजे त्याला नाही म्हणायला भाग पाडणं.

शनिवारची वाट बघावी, गटात सगळ्यांशी बोलावं, असं ताईंचं मत पडलं. मॅडमनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. मध्ये शुक्रवार होता.

त्याआधी मंगळवारीच मॅडमनी १०९८ या बालसहाय्यता क्रमांकावर फोन केला होता, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाशीही बोलणं झालं होतं. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो, त्याच्या १९व्या कलमानुसार असा अपराध घडल्याचं ज्याला कळलं किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटली, त्या कुणाही व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मूल कोण, माणूस कोण, घडलं काय यातलं काहीच हातात नसताना सहा ओळींवरून काय कळवायचं, हा मॅडमसमोरचा खरा पेच होता. फोन केल्यामुळे निदान ही शंका एकट्या त्यांच्या डोक्यात राहिली नाही, आणि मूल पुढे आलं तर काय विचारायचं नाही हे त्यांना आधीच कळलं.

मग त्यांनी गुरुवारी संध्याकाळी गटाची खास बैठक बोलावली. विषय खराच होता : मारबत अंकावर आक्षेप आला आहे, तुमचं म्हणणं काय?

मुलं तावातावाने बोलली. “लिहा म्हणता, आणि लिहिलं का रागावता,” असं एक सातवीतला मुलगा म्हणाला. शिवीवर मुलांमध्येच दोन तट पडले. ज्या मुलीचा कागद होता ती आली नव्हती. शेवटी ताई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना उद्देशून जे बोलल्या ते त्यांनी आधी लिहून, मॅडमना दाखवून ठरवलं होतं. तुम्ही इथे लिहिलेलं आम्ही वाचतो. कुणाला काही बोलायचं असेल तर मी, सर, मॅडम, मावशी, आम्ही चौघंही ऐकू. तुम्हाला कुणी इजा करत असेल तर ती गोष्ट मी फक्त माझ्यापाशी ठेवीन असं वचन मी देऊ शकत नाही, कारण ते थांबवायला मला मदत लागेल. पण कुणाला सांगणार ते आधी तुम्हाला सांगेन. आणि अशा गोष्टीत चूक मुलाची कधीच नसते, मुलगा असो की मुलगी.

‘मुलगा असो की मुलगी’ हे शब्द मॅडमनी घालायला लावले होते. ओळींमध्ये लिहिणाऱ्याचं लिंग कळत नव्हतं, पण चिठ्ठी पाहिलेल्या प्रत्येकाने मनात मुलगीच धरली होती.

तो मुलगा होता. सगळे गेल्यावर तो खुर्च्या उचलायला थांबला आणि मावशींना म्हणाला, ती चिठ्ठी माझी आहे. मावशींना कसलंही प्रशिक्षण नव्हतं. त्या एवढंच बोलल्या, “बरं केलं सांगतलं. तुही काही चूक नाही बेटा. चाल, मॅडमपाशी जाऊ.” काय झालं, कधीपासून, कोण, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. प्रशिक्षित माणसंही या ठिकाणी चुकतात. पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याने मुलाला तेच परत सोसावं लागतं, आणि उलटसुलट प्रश्नांनी त्याचा जबाबही कच्चा होतो.

तिसरा निर्णयबिंदू : ठराव आधी की फोन आधी

मुलाने मॅडमसमोर जेवढं सांगितलं तेवढं पुरेसं होतं. घरात कुणावर विश्वास आहे असं विचारल्यावर त्याने आईचं नाव घेतलं. तो माणूस घरातला नव्हता, त्यामुळे आईला बोलवायला धोका नव्हता. घरातलाच कुणी असता तर हा निर्णय वेगळा घ्यावा लागला असता, आणि तो विचार मॅडमनी फोन उचलण्याआधी केला होता.

कार्यवाहांना कळवल्यावर ते म्हणाले, पोलिसांकडे जाण्याआधी कार्यकारिणीचा ठराव करू, नाहीतर उद्या संस्था अडचणीत येईल. मॅडमनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्षांनी कायदा समजावून सांगितला : कळवण्याची जबाबदारी ज्याला कळलं त्याची आहे, तिला ठरावाची गरज नाही. २१व्या कलमाप्रमाणे कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, असं संरक्षण १९व्या कलमातच आहे. त्याच संध्याकाळी आईच्या सोबतीने माहिती दिली गेली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मूल गच्चीवरच्या त्या खोलीत गेलं नाही.

पुढचं थोडक्यात. मुलाचा जबाब त्याच्या घरी, साध्या कपड्यातल्या महिला अधिकाऱ्याने आईच्या समक्ष घेतला. कायद्याने तशीच तरतूद केली आहे, पण ती माहीत नसल्याने अनेक घरं ‘पोराला ठाण्यात बसवतील’ या धास्तीने गप्प राहतात. बाल कल्याण समितीला माहिती गेली, मुलाला साथ द्यायला सहाय्यक व्यक्ती मिळाली. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

अंकाचं काय झालं

शिक्षकांचा पर्याय थोड्या बदलांसह मंजूर झाला. अंक परत लागला, चिठ्ठीवाली जागा दुसऱ्या कागदाने भरली. मुलीचं नाव झाकलं, मजकूर शिवीसकट राहिला. काकांनी उत्तर लिहिलं, चांगलं दीड पान. रूढी कुठून आल्या, आपल्या आईने काय सोसलं, शिवी का खटकली, हे सगळं त्यात आहे. त्यांचं मत बदललं नाही. त्याखाली तीन मुलांनी त्यांना उत्तर लिहिलं. माझ्या माहितीत त्या ग्रंथालयाच्या फळ्यावर सत्तरीतला माणूस आणि पंधरा वर्षांची मुलं एकमेकांशी वाद घालत लिहीत होती असं त्याआधी झालं नव्हतं. पुस्तकंही किशोर कपाटातून हलली नाहीत. मुलांकडे शरीराबद्दल बोलायला शब्द असणं हा त्यांच्या संरक्षणाचाच भाग आहे, हे आता कार्यकारिणीत कुणाला समजावावं लागलं नाही.

मुलीची मात्र किंमत मोजून झाली होती. वडिलांनी तिचं गटात येणं बंद केलं. ताई आणि मॅडम दोनदा घरी जाऊन आल्या. पुस्तकं न्यायला ती येते, आईसोबत, आणि लगेच जाते. लिहिते की नाही हे ती सांगत नाही. संस्थेने तिच्या अभिव्यक्तीचं रक्षण केलं असं बैठकीच्या इतिवृत्तात नोंदलं आहे, पण तिच्यापुरतं ते खरं नाही. तिचं लिखाण वाचलं, ती वाचली नाही. याची बोच सगळ्यांना आहे आणि ती असायलाच हवी.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी नावाचा प्रश्न. मुलं स्वतःच्या नावाने धीटपणे लिहितात याचा आपल्याला अभिमान वाटतो, पण भिंतीवरचा कागद आज जिन्यापुरता राहत नाही हे त्या मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. टोपणनाव ही मूळ पद्धत ठेवून, स्वतःचं नाव घालायचं असेल तर त्यावर आधी बोलायचं, असं असतं तर मुलीचा एकही शब्द न कापता तिला बरंच वाचवता आलं असतं. फळ्याचा फोटो काढू नये अशी पाटीही नव्हती. पाटीने सगळे थांबत नाहीत, पण टोकायला आधार मिळतो. आता दोन्ही आहे.

पालकांच्या सहीचा प्रस्ताव नियमावलीच्या वेळी पुन्हा आला. गटात येण्यासाठी पालकांची संमती हवी, यावर एकमत झालं. प्रत्येक लिखाणावर सही मात्र नाही. सहीची अट असती तर चिठ्ठी आलीच नसती, आणि मुलीचा कागद घरातच फाटला असता. पूर्वपरवानगीच्या प्रस्तावावर तर मी जास्त कडक आहे. तपासणाऱ्याच्या नजरेतून मुलीची शिवी सुटली नसती आणि मुलाच्या सहा ओळी सहज मंजूर होऊन फळ्यावर गेल्या असत्या, कारण त्यांत काढण्यासारखं काही नव्हतं.

स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी झालेली नव्हती. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची अशी पडताळणी वेळोवेळी करून घ्यायची असते. ताई आणि सर दोघेही निर्मळ माणसं आहेत, पण हे ग्रंथालयाचं नशीब होतं, खबरदारी नव्हे. आता पडताळणी होते, त्यात मावशी आणि अभ्यासिकेचा रात्रपाळीचा माणूसही येतो. मुलींना सहाच्या आत घरी पाठवण्याची सूचना मागे पडली. त्याऐवजी कुठलाही मोठा माणूस कुठल्याही एकट्या मुलासोबत बंद दाराआड बसणार नाही, हा नियम सगळ्यांना सारखा लागू झाला.

नियमावलीतला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो म्हणजे दोन वेगळ्या वह्या. आक्षेपाच्या वहीत नाव, सही, कारण लागतं. ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळतं. तोवर कागद जागचा हलत नाही. आक्षेप घेणाऱ्याला फळ्यावर जागा मिळते. मजकूर काढण्याची कारणं मोजकी आणि आधीच जाहीर केलेली आहेत : कुणाची खाजगी ओळख उघड होणं, हिंसेची चिथावणी, जातीवरून अपमान. दुसरी वही काळजीची. तिच्यासाठी अर्ज नाही, पुरावा नाही, बैठक नाही. मावशींपासून अभ्यासिकेतल्या पोरांपर्यंत कुणालाही कुठल्याही मुलाबद्दल खटकलं तर ते थेट ग्रंथपालांना सांगायचं आणि त्याच दिवशी काहीतरी करायचं. ती वही कपाटात, कुलपात राहते. अध्यक्षांनाही ती सरसकट बघता येत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, तो निनावी पेटीचा. काही सदस्यांना ती बंद करायची आहे, कारण पुढच्या वेळी अशी चिठ्ठी कुणाच्या नजरेतून सुटली तर जबाबदारी कोणाची? त्यांची भीती खोटी नाही. मुलांनी मात्र पेटी ठेवावी असं जवळपास एकमताने सांगितलं. तूर्त ठरलं आहे ते असं : पेटी दर शनिवारी गट सुरू होण्याआधी दोन मोठी माणसं मिळून उघडतात, त्यातली एक मावशी. ती दोघं प्रत्येक चिठ्ठी वाचतात, पण फळ्यावर काय लावायचं हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही, तो संपादक मुलांचाच. एखाद्या चिठ्ठीवरून मुलाची काळजी वाटली तर मात्र ती फळ्यावर न जाता ग्रंथपालांकडे जाते. एखाद्या चिठ्ठीचा राग आला, तर तो आक्षेपाच्या वहीत, सहीनिशी. पुढच्या पोळ्यापर्यंत ही पद्धत चालवून बघायची, आणि मग मुलांना सोबत बसवून पुन्हा ठरवायचं.